फॉरमॅट करण्यापूर्वी : जुन्या हार्ड डिस्कचे वाचन

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आणि पालकांकडून जुनी छायाचित्रे, स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती व हस्तलिखित अंकांच्या प्रती मागविण्यात आल्या. तेव्हा एक उत्तर इतक्या वेळा आले की त्याचा स्वतंत्र विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटले. "फोटो होते, पण डिस्क बंद पडली." अधिक चौकशी करता असे दिसून आले की, बहुतेक ठिकाणी डिस्क बंद पडलेलीच नव्हती. संगणकाला जोडली की तिचा दिवा लागत होता, आतील तबकडी फिरत असल्याचा मंद आवाज येत होता. पडद्यावर मात्र सूचना उमटत होती : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करावयाचे काय? काहींनी 'नाही' म्हणून डिस्क कपाटात ठेवून दिली. काहींनी 'होय' म्हटले.

इतिहासाच्या अध्यापकाला या उत्तराची काळजी वाटावी, याला कारण आहे. फिल्मच्या कॅमेऱ्याने काढलेले वर्गाचे छायाचित्र कागदावर छापले जाई. ते कार्यालयाच्या भिंतीवर आजही टांगलेले असते आणि त्याची निगेटिव्ह कोणाच्या तरी पेटीत असते. आजचे छायाचित्र एकाच वेळी पन्नास जणांच्या मोबाइलमध्ये जाते. या दोहोंच्या मधला, साधारणतः २००३ ते २०१३ हा काळ मात्र पोरका आहे. डिजिटल कॅमेरा आला होता, छापून घेण्याची सवय सुटली होती, आणि सर्व साठा कोणातरी एकाच्या बाह्य हार्ड डिस्कवर, म्हणजे ज्याला आपण 'एक्स्टर्नल' म्हणतो त्या पेटीत, जात होता. त्या दशकातील विद्यार्थ्यांचे वसतिगृहातील जीवन, सहली, परित्राणपाठ, क्रीडास्पर्धा यांचा पुरावा प्रायः तेथेच आहे. १९२० सालच्या 'मूकनायक'चा अंक हाती आला तर वाचणाऱ्याला केवळ अक्षरओळख पुरते. २०१० सालची डिस्क हाती आली तर अक्षरओळखीबरोबर वीज, केबल, संगणक आणि त्या डिस्कची मांडणी जाणणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, इतके सर्व जुळून यावे लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या शेवटच्या दुव्याचा विचार करावयाचा आहे.

डिस्कची घडण

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ च्या सप्टेंबरमध्ये 'रॅमॅक' या संगणकाबरोबर सादर केली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि साठवणक्षमता सुमारे ५० लाख अक्षरे. आपल्या कपाटातील ५०० जीबीची, तळहातावर मावणारी डिस्क म्हणजे असे एक लाख रॅमॅक होत. तत्त्व मात्र तेच आहे : फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा आणि त्या वाचणारे एक लहानसे डोके. आजच्या डिस्कमध्ये हे डोके तबकडीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगते की मधल्या फटीपेक्षा माणसाचा केस हजारो पटींनी जाड ठरेल. म्हणूनच फिरत असलेली डिस्क टेबलावरून पडणे हा तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा अपघात होय.

बाह्य डिस्क म्हणजे वस्तुतः दोन वस्तू असतात. आत साधी हार्ड डिस्क, आणि तिला यूएसबीची भाषा शिकविणारा एक छोटा दुभाषी सर्किट बोर्ड. डिस्क 'गेली' असे म्हणण्यापूर्वी या दुभाष्याकडे आणि विजेकडे पाहावे. लहान, अडीच इंची डिस्क यूएसबीच्या तोंडातूनच वीज घेते. जुन्या यूएसबी २ च्या तोंडातून नियमाने ५०० मिलिअँपिअर इतकीच वीज मिळते. तबकडी फिरू लागताना त्याहून अधिक लागते. म्हणूनच त्या काळच्या काही डिस्कांबरोबर दोन तोंडांची केबल येत असे. ती हरवली, साधी केबल लावली, आणि डिस्क टिकटिक करून थांबली, असे पुष्कळदा घडते. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो आणि कित्येकदा त्याची पिन या डिस्कमध्ये नेमकी बसते. पिन बसते म्हणून तो लावू नये, बोर्ड जळतो.

आवरण फोडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडण्याचा उपाय दुकानदार सुचवितात. तो सर्वदा चालत नाही. काही लहान डिस्कांत यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्या बोर्डावरच असते, दुसरे तोंड नसतेच. काही पेट्यांतील दुभाषी मजकूर सांकेतिक करून लिहितो, मालकाने परवलीचा शब्द ठेवलेला नसला तरीही. तो दुभाषी बाजूला केला की उरते ती निव्वळ गुंतागुंत. ३ टीबी व त्यावरील काही पेट्या जुन्या विंडोज एक्सपीला समजावे म्हणून डिस्कचे माप वेगळ्या हिशेबात सांगत असत; आवरणाबाहेर काढल्यावर तो हिशेब जुळत नाही. म्हणून पेटी चालते तोवर ती फोडू नये, असे आमचे मत आहे.

न वाचता येणारी लिपी

चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तोपरा आणि मेरठ येथील दोन अशोकस्तंभ दिल्लीस आणविले. स्तंभाला इजा होऊ नये म्हणून सावरीच्या कापसाचा उपयोग केल्याचे तत्कालीन वर्णन आहे. स्तंभांवरील लेख काय सांगतो ते विचारण्यासाठी विद्वान बोलावण्यात आले. त्यांतील कोणासही ती लिपी वाचता आली नाही. लेख तेव्हाही शाबूत होता. दगडात एका अक्षराचीही उणीव झालेली नव्हती. नाहीशी झाली होती ती केवळ वाचण्याची किल्ली, आणि ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपला सापडली. आपल्या सहलीत कार्ल्याच्या किंवा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांसमोर जे विद्यार्थी उभे राहिले आहेत, त्यांना ही गोष्ट वर्गात सांगितलेली आठवत असेल.

'ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय' ही सूचना त्या विद्वानांच्या उत्तरासारखी आहे. फरक इतकाच की विद्वानांनी 'आम्हांस वाचता येत नाही' असे म्हटले. संगणक 'वाचता येत नाही, तर खरवडून टाकू काय' असे विचारतो.

डिस्कवरील मजकूर कोठे सुरू होतो, कोठे संपतो, त्याचे नाव काय, याची जी अनुक्रमणिका असते तिच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा इतिहास आहे. 'फॅट३२' ही १९९६ ची. सर्वांना वाचता येते, परंतु ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यात मावत नाही. 'एनटीएफएस' ही १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली आणि एक्सपीच्या काळात घरोघरी पोहोचली. 'एक्सफॅट' ही २००६ ची. मॅक संगणकांची 'एचएफएस प्लस' १९९८ ची, आणि तिच्या जागी आलेली 'एपीएफएस' २०१७ ची. लिनक्सची स्वतःची 'एक्स्ट' ही घराणेवजा पद्धती १९९० च्या दशकात सुरू झाली. तिची चौथी पिढी, 'एक्स्ट४', २००८ पासून रूढ आहे.

आता, विंडोजला या यादीतील पहिल्या तीनच लिपी मुळात येतात. मॅकवर तयार केलेली डिस्क तिच्यापुढे ठेवली की ती 'फॉरमॅट करा' म्हणते. लग्नसमारंभाचे आणि संमेलनाचे चित्रण करणारे अनेक स्टुडिओ मॅकवर काम करीत. त्यांनी दिलेल्या डिस्क घरच्या विंडोजवर उघडत नाहीत, याचे कारण बहुधा हेच. कार्यालयातील नेटवर्क साठवणपेटीतून काढलेली डिस्क 'एक्स्ट' पद्धतीची असते. तिचेही तेच होते. याउलट लिनक्सला फॅट, एनटीएफएस, एक्सफॅट, एक्स्ट या सर्व लिपी वाचता व लिहिता येतात; एचएफएस प्लस निदान वाचता येते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. एपीएफएसला मात्र लिनक्सच्या गाभ्यात स्थान नाही. ती डिस्क एखाद्या परिचिताच्या मॅकवरच उघडणे श्रेयस्कर.

एनटीएफएसच्या डिस्कही विंडोज कधी कधी नाकारते. योग्य रीतीने न काढता केबल ओढली असेल तर अनुक्रमणिकेतील नोंद अर्धवट राहते. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तीत संगणक बंद केला तरी तो पुरता बंद होत नाही, आणि त्याच्या डिस्कवर 'काम चालू आहे' अशी खूण राहते. अशी डिस्क लिनक्स पुष्कळदा 'केवळ वाचनासाठी' म्हणून उघडते. वापरणाऱ्याला ही अडचण वाटते. आमच्या दृष्टीने हा संयम आहे, आणि मजकूर उतरवून घेईपर्यंत तसेच असणे हितकर आहे.

पेनड्राइव्हवरील लिनक्स

लिनक्स हे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ज्यांच्या खिशात अँड्रॉइड मोबाइल आहे ते सर्वजण दिवसभर लिनक्सचाच गाभा वापरीत असतात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याची घोषणा केली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभिलेल्या 'ग्नू' प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली आणि कोणासही विनामूल्य घेता, पाहता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली. आपल्या देशात सी-डॅकने डेबियन या लिनक्स आवृत्तीवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. केरळमधील शासकीय शाळांचे संगणक शिक्षण तर अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच चालते. निवासी शाळेच्या तुटपुंज्या संगणक कक्षासाठी याचे महत्त्व किती, हे सांगावयास नको. विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली (ही तारीख आपल्या वाचकांस लक्षात ठेवणे अवघड नाही) आणि ज्या संगणकांना पुढील आवृत्ती चालत नाही ते भंगारात जाऊ लागले. त्यांतील बहुतेकांवर लिनक्स चालते.

डिस्क वाचण्यासाठी मात्र आपल्या संगणकातील विंडोज काढण्याची गरज नाही. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांपैकी एखाद्या आवृत्तीची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, आणि 'रूफस' यासारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. नुसती फाइल तेथे ठेवणे पुरेसे नाही. आणि या क्रियेत पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. संगणक चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबली असता कोठून सुरू व्हावे याची निवड येते. कोणती कळ, ते संगणकाच्या बनावटीवर अवलंबून असते. तेथे पेनड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत एक वेगळाच पडदा दिसू लागतो. ही प्रणाली संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत चालते. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज जसेच्या तसे परत येते. त्या पडद्यावर 'इन्स्टॉल' असे एक चित्र असते; त्याला हात लावू नये, इतके पथ्य पाळले की पुरे.

आता जुनी डिस्क जोडावी. पडदा काही बोलला नाही तरी 'डिस्क्स' नावाचा कार्यक्रम उघडावा. तेथे डिस्कचे नाव, तिचे माप, तिचे भाग आणि प्रत्येक भागाची फाइल सिस्टीम दिसते. ज्या डिस्कबद्दल विंडोज काहीही सांगत नव्हते तिच्यासमोर 'एचएफएस प्लस' किंवा 'एक्स्ट३' अशी अक्षरे दिसली की निम्मे कोडे उलगडते. 'बिटलॉकर' असे दिसले तर डिस्क कुलूपबंद आहे. परवलीचा शब्द किंवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली असल्याखेरीज ती कोणत्याही प्रणालीत उघडणार नाही.

याच कार्यक्रमात डिस्कच्या प्रकृतीची नोंद पाहता येते; तिला 'स्मार्ट' म्हणतात. प्रत्येक दुभाषी ही माहिती पुढे पाठवितोच असे नाही, पण मिळाली तर दोन आकडे पाहावेत. किती जागा खराब म्हणून बदलण्यात आल्या, आणि किती जागा वाचता न आल्याने प्रलंबित आहेत. दोन्ही शून्य असतील तर निश्चिंतपणे फाइली उतरवून घ्याव्यात. प्रलंबित आकडा शून्याहून अधिक असेल, तर फोल्डरमागून फोल्डर उघडून पाहण्याची हौस आवरावी. प्रत्येक उघडण्याने आजारी तबकडीवर श्रम पडतात. अशा वेळी प्रथम संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या निरोगी डिस्कवर घ्यावी, आणि मग त्या प्रतिमेतून शोध घ्यावा. 'डीडीरेस्क्यू' हे साधन यासाठी उत्तम आहे : ते सुस्थितीतील भाग आधी उतरविते, खराब जागा सोडून पुढे जाते, शेवटी पुन्हा त्या जागांकडे वळते, आणि कोठपर्यंत काम झाले याची वही ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी पुन्हा प्रारंभापासून सुरू करावे लागत नाही. 'सिस्टीमरेस्क्यू' या लिनक्स आवृत्तीत ते तयारच मिळते. डिस्कमधून खट्‌खट् असा ठराविक अंतराने आवाज येत असेल आणि केबल व वीज ठीक असेल, तर कोणतेही साधन न वापरता ती बंद करावी. ते काम धूळमुक्त प्रयोगशाळेचे आहे आणि त्याचा खर्च मोठा असतो.

ज्यांनी 'होय' म्हटले त्यांचे काय? त्यांनीही लगेच आशा सोडू नये. विंडोजचे नेहमीचे 'क्विक फॉरमॅट' केवळ नवी अनुक्रमणिका लिहिते; पूर्वीचा मजकूर बहुतांशी जागच्या जागी राहतो, जोवर त्यावर दुसरे काही लिहिले जात नाही. (पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सर्वत्र शून्ये लिहिते. तेथे उपाय नाही.) अशा डिस्कवर 'फोटोरेक' हे विनामूल्य साधन जे करते ते पाहून आम्हांस पुन्हा प्रिन्सेपची आठवण झाली. सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचा शेवट एकाच अक्षरजोडीने होतो, हे त्याच्या ध्यानात आले; ते दात्यांचे लेख असावेत, म्हणून तो शब्द 'दानं' असावा, असा त्याने तर्क केला आणि तेथून लिपी उलगडत गेली. प्रत्येक जेपीईजी छायाचित्राचा आरंभही ठराविक खुणेने होतो. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. सबंध डिस्कवर त्या खुणा शोधते आणि जेथे खूण तेथून छायाचित्र उचलते. फाइलीचे नाव आणि फोल्डर यांचा मात्र लोप होतो. हजारो छायाचित्रे केवळ क्रमांकाने हाती येतात.

तेथून इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. छायाचित्राच्या पोटात कॅमेऱ्याचे नाव आणि काढल्याचा दिनांक नोंदलेला असतो. प्रत काढल्याने फाइलीचा दिनांक बदलला तरी ही आतली नोंद टिकते. तथापि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्याची बॅटरी संपली की त्यातील घड्याळ मूळ वर्षावर परत जाई, आणि कोणी ते लावीत नसे. अशा कॅमेऱ्याने काढलेले २००८ चे संमेलन १ जानेवारी २००० रोजी झाल्याचे दिसते. फळ्यावरील तारीख, गणवेशाचा रंग, मागे अर्धवट बांधलेली इमारत यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून दिनांक मान्य करू नये.

मराठी फाइलींचा प्रश्न

छायाचित्रे उघडतात, मराठी मजकूर उघडूनही वाचता येत नाही. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण येथेच चांगल्या फाइली 'खराब' समजून पुसल्या जातात.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. परंतु डीटीपीची दुकाने त्यानंतरही दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांवर चालत. त्या संचांतील जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी फाइलीत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. फॉन्ट तेवढा त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे, काना, मात्रा, अर्धा वर्ण, दाखवीत असे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर अगम्य चिन्हांची रांग. शिवाय प्रत्येक संचाची जुळणी निराळी. लिनक्सवर अशी फाइल उघडली की स्वाभाविकपणेच चिन्हे दिसतात. ही विषाणूची बाधा नव्हे आणि डिस्कचा दोषही नव्हे. मजकूर संपूर्ण आहे.

उपाय असा. त्याच डिस्कवर जुन्या विंडोजची प्रत असेल तर तिच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये मूळ फॉन्ट सापडण्याचा संभव असतो. तो प्रथम उतरवून ठेवावा. फाइलीत फॉन्टचे नाव नोंदलेले असते, म्हणून कोणता फॉन्ट हवा ते लिब्रेऑफिसमध्ये अक्षरे निवडताच वरच्या पट्टीत दिसते. पुष्कळ जुन्या फॉन्टांसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार यांचे मुद्रितशोधन करावेच लागते, कारण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. पूर्वीच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, जयंतीच्या पत्रिका बहुधा पेजमेकरमध्ये जुळविलेल्या असतात. तो कार्यक्रम कधीच कालबाह्य झाला. त्याची सातवी व शेवटची आवृत्ती २००१ ची. २०१५ पासून लिब्रेऑफिसला पेजमेकरच्या फाइली काही प्रमाणात उघडता येतात. पानाची मांडणी विस्कळीत होते, पण मजकूर व चित्रे हाती लागतात. त्याच फोल्डरमध्ये पीडीएफ आहे काय, ते आधी पाहावे. छपाईला देताना डीटीपीचालक पुष्कळदा ती काढीत असत, आणि फॉन्ट तिच्यात बहुधा सामावलेला असतो. एक जुनी पीडीएफ दहा पेजमेकर फाइलींच्या तोडीची आहे.

आपल्या गावातील डीटीपीचालकाकडे जुनी डिस्क असेल तर तिची चौकशी अवश्य करावी. लहान साप्ताहिके, तालुक्याच्या परिषदांचे ठराव, स्थानिक कवींचे छापलेले आणि न छापलेले संग्रह यांच्या एकमेव प्रती अशा दुकानांत आहेत. दुकान मुलाच्या हाती जाते, तेथे झेरॉक्स यंत्र आणि ऑनलाइन अर्जांचे काम येते, आणि जुनी डिस्क 'रिकामी करून' सीसीटीव्हीच्या यंत्राला लावली जाते. त्यावर रात्रंदिवस नवे चित्रण लिहिले जात असल्याने काही दिवसांतच फोटोरेकलाही काही सापडत नाही.

रिकाम्या केलेल्या डिस्कचा उपयोग

मजकूर उतरवून, उघडून, तपासून झाला आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या गेल्या, की मगच जुन्या डिस्कच्या पुनर्वापराचा विचार करावा. दहा-पंधरा वर्षांची डिस्क ही कोणत्याही गोष्टीची एकुलती एक प्रत ठेवण्याची जागा नव्हे. तिसऱ्या प्रतीसाठी ती चालेल. केवळ लिनक्सवर वापरावयाची तर एक्स्ट४ करावी. विंडोजकडेही न्यावयाची तर एक्सफॅट सोयीची आहे, परंतु केबल अचानक निघाली तर तिची अनुक्रमणिका सावरणारी रोजकीर्द तिच्यात नसते. एनटीएफएसमध्ये ती असते. विहारातील किंवा सभागृहातील जुनी ध्वनियंत्रणा आणि टीव्ही बहुधा फॅट३२ एवढीच ओळखतात. वंदना आणि गीतांच्या साठ्याला ती पुरेशी आहे.

संपूर्ण लिनक्सच जुन्या डिस्कवर बसवून ती विद्यार्थ्याला देणे, हा प्रयोग आम्हांस विशेष आवडतो. संगणक एक आणि विद्यार्थी अनेक असले तरी प्रत्येकाची डिस्क त्याची स्वतःची : त्याचे काम, त्याची चुकीची आज्ञा, त्याचा बिघाड त्याच्यापुरता. यूएसबी २ वर ती संथ चालते, हे मान्य केले पाहिजे. बसविताना एक दक्षता अत्यावश्यक आहे. प्रणाली कोठून सुरू व्हावी हे सांगणारा भाग स्थापनेचा कार्यक्रम पुष्कळदा संगणकाच्या आतल्या डिस्कवरच लिहून ठेवतो, मग बाह्य डिस्क काढली की संगणक सुरू होण्यात अडथळा येतो. म्हणून शक्य असेल तेथे आतली डिस्क तात्पुरती सोडवून ठेवूनच स्थापना करावी.

डिस्क दुसऱ्याला देण्यापूर्वी मात्र तिच्यावर पूर्वी काय होते याचे भान ठेवावे. शाळेच्या वा संस्थेच्या कार्यालयातील डिस्कवर विद्यार्थ्यांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले, आधारच्या प्रती, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकखात्यांचे तपशील असतात. जे फोटोरेक आपली छायाचित्रे परत आणते तेच ते दाखलेही परत आणू शकते. 'डिस्क्स' कार्यक्रमात फॉरमॅट करताना जुन्या मजकुरावर शून्ये लिहिण्याचा पर्याय आहे. ५०० जीबीच्या डिस्कला यूएसबी २ वरून त्याला चार-पाच तास लागतात. रात्री लावून ठेवावे. भंगारात द्यावयाच्या, न चालणाऱ्या डिस्कची तबकडी तोडून मगच ती द्यावी.

ज्या माजी विद्यार्थ्यांना अथवा पालकांना हे सर्व घरी करणे शक्य नाही, त्यांनी आपली डिस्क शाळेच्या संगणक कक्षात आणावी. डिस्कबरोबर तिची मूळ केबल आणि अडॅप्टर आणावा. हरवला असल्यास दुसरा जोडून पाहू नये. 'दुरुस्ती' म्हणून विंडोजकडून काहीही करवून घेतलेले नसावे. डिस्क कोणत्या संगणकावर वापरली जात होती, घरच्या की स्टुडिओतल्या, ती शेवटची केव्हा उघडली, आणि तिच्यावर काय असल्याचे स्मरते, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डिस्कला चिकटवावी.